काळजाचा पत्ता

लोक जुन्नरला शिवनेरी बघायला जातात, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून दमतात, नाणेघाटात वाऱ्यावर टोपी घालवून परत येतात. आम्ही दोघं भावंडं मात्र एका बाईचं यकृत बघायला गेलो होतो. यकृत पोटात असतं, ते काही दिसत नाही. पण ते घेऊन हिंडणारी बाई दिसते, बोलते, जेवायला वाढते, आणि मला तेवढंच बघायचं होतं.

माझा धंदा मुद्रितशोधनाचा. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका शोधण्यात आयुष्य गेलं आणि माझ्याच पोटातली चूक मात्र डोळे हळदीसारखे पिवळे होईपर्यंत मला दिसली नाही. पित्तनळीचा कॅन्सर निघाला. यकृतातून पित्त आणणाऱ्या दोन नळ्या जिथे एकत्र येतात, नेमकी त्या संगमावर गाठ. डॉक्टर म्हणाले, तिनं दोन्ही बाजू धरल्यात, तेवढीच कापून काढता येणार नाही. कावीळ उतरावी म्हणून त्यांनी आत एक बारीक नळी बसवली आणि मग एक वाट सांगितली. आधी किरणोपचार आणि केमो. मग पोट उघडून आजार कुठे पसरलेला नाही ना, हे बघायचं. जागचा हलला नसेल, तर सगळं यकृतच बदलायचं. काहींना चांगला गुण येतो, ते वर्षानुवर्षं जगतात. काहींचा बेत अर्ध्या वाटेवरच मोडतो. काहींचा आजार यकृत बदलल्यावरही परत येतो. हे सगळं डॉक्टरांनी टक्क्यांत सांगितलं. टक्के ऐकून झाल्यावर टोणपे खाल्लेली माणसं बघावीत, असं माझ्या मनात आलं.

यकृताचा तुकडा देणार होती माझी धाकटी बहीण नंदा. शाळेत खेळाची शिक्षिका, पन्नाशीतही पोरांच्या पुढे पळणारी. मी तिला लहानपणापासून नंदी म्हणतो. तपासण्यांत तिचं सगळं जुळलं. "तुकडा दिला तरी माझं परत वाढतं, तुझंही वाढतं. पालीच्या शेपटीसारखं," असं तिनं मला आनंदानं सांगितलं. मी म्हटलं, मला नको. आमच्या आईनं एक गोष्ट पक्की शिकवलेली: भावानं बहिणीला द्यायचं, बहिणीचं घ्यायचं नाही. भाऊबिजेला नंदीच्या घरचं फराळाचं ताट खाल्लं, तरी मला परतफेडीची घाई होते. तिथे हे तर पोटातलं.

"तू आधी माणसं बघ, मग नाही म्हण," नंदा म्हणाली. इस्पितळातल्या समुपदेशक बाईंनी दोन कुटुंबांना विचारलं, ती भेटायला तयार झाली. एक आंबेगाव तालुक्यात घोडेगावला, दुसरं जुन्नरच्या डिंगोऱ्याला. थंडीत, शाळेला सुट्टी बघून, आम्ही पुण्याहून निघालो. गाडी नंदा चालवणार होती, म्हणजे आजाराखेरीज आणखी एक धोका प्रवासात होताच.

मंचर

मंचरला चहाला थांबलो. मला चहा वर्ज्य नाही, पण नंदानं माझ्यासाठी बिनदुधाचा, कमी साखरेचा मागवला. हॉटेलवाल्यानं विचारलं, "पावण्यांना काय तरास हाय का?"

"पित्तनळीचा," मी म्हणालो. पुढचा शब्द सकाळी सकाळी कशाला उच्चारायचा?

"पित्त? आवो, मग चा कशाला पेताय!" त्यानं कप माझ्या हातातून काढूनच घेतला. "आमच्या म्हातारीला लई पित्त व्हतं. सकाळच्या पारी मोरावळा, दुपारी कोकम, अन् जागरान न्हाई करायचं. आठ दिसात पित्त गपगार."

शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी आल्याचा रस सुचवला. तिसऱ्यानं त्याला विरोध केला, आलं उष्ण पडतं म्हणाला. पाच मिनिटांत माझ्या आजारावर तीन पक्ष पडले आणि मला एकानंही विचारलं नाही. नंदा हसू दाबत बिल द्यायला गेली. मराठीत पित्त खवळतं, उसळतं, आंबट होऊन घशाशी येतं, त्यावर घरोघरी औषध असतं. त्याच्या नळीलाही आजार होतो, हे मलाही दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं. बाहेर पडताना त्या भल्या माणसानं वाळल्या आवळ्याची पुडी माझ्या खिशात कोंबली.

पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत जाताना एक फलक दिसला: "सावधान, बिबट्याचा वावर." इकडे वावर म्हणजे शेत. मी नंदाला म्हटलं, "बघ, इथे बिबट्यांच्याही जमिनी आहेत, आपल्याच नाहीत." फलकात एकही चूक नव्हती, हे मात्र मला टोचलं.

घोडेगाव

प्रज्ञाताईंचं शिवणकामाचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या शेजारी एका हसऱ्या, जाड मिशांच्या माणसाचा फोटो. फोटोला हार होता. ते त्यांचे यजमान; त्यांना ताईंनी आपल्या यकृताचा तुकडा दिला होता. माझाच आजार, त्याच जागी. फोटोला हार असणार, हे समुपदेशक बाईंनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. ज्यांचं ठीक झालं फक्त त्यांनाच भेटू नका, असं त्या म्हणाल्या होत्या. सांगून ठेवलेलं असलं तरी हार दिसला आणि माझे पाय उंबऱ्याशी जरा अडखळले.

"बसा भाऊ," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. दवाखान्यातनं आले का ते बी असंच उंबऱ्यात थांबायचे."

यजमान एसटीत मेकॅनिक. ऑपरेशन चांगलं झालं, महिन्याभरानं चालायला लागले, पुढे कामावरही गेले. "त्यानंतर दोन जयंत्या बघितल्या त्यांनी. पहिलीला खुर्चीत बसून. दुसरीला ऐकंनातच, लेझीम घेतलं अन् गेले नाचायला. मी मागं मागं, गोळ्यांची पिशवी घेऊन." त्या हसल्या. "मग खोकला सुरू झाला. छातीत गेलेलं व्हतं. डाक्टरांनी लई केलं, पर न्हाई आवरलं."

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "तुम्ही एवढं पोट फाडून दिलेलं. वाया गेलं असं नाही वाटत?"

त्यांनी मशीनवरचा ब्लाउज बाजूला सारला आणि मला चांगलंच फैलावर घेतलं. "वाया कसं? कापड नुस्तं घडी घालून पेटीत ठिवलं अन् कसर लागली, तर वाया. आंगावर घातलं, मिरवलं, मग फाटलं, त्याला वाया म्हनत्यात व्हय? आन् मला रडायला येत न्हाई असं बी न्हाई. मशीन चालू असलं का लोकांना ऐकू येत न्हाई, एवढंच."

त्यांनी मग नंदाला आत बोलावलं, पदर सरकवून आपल्या पोटावरचा व्रण दाखवला. दार उघडंच होतं, बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"किती दिवस दुखलं?" नंदानं विचारलं.

"दोन-तीन म्हयने. खोकला आला का उशी धरायची पोटाशी. आता शिलाई उसवल्यावानी कधीमधी खाजतं. माझं वाढलं परत, सोनोग्राफीत दावलं त्यांनी. तुमाला भ्या वाटतंय का ताई?"

नंदा नेहमीसारखी हसेल, असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "ऑपरेशनची भीती नाही वाटत. शुद्धीवर आल्यावर मी दादाचं विचारणार. तेव्हा सांगणाऱ्याचा चेहरा कसा असेल, त्याची वाटते."

बाहेर मी आवळ्याची पुडी उगाच उलगडत आणि बांधत बसलो. निघण्याआधी प्रज्ञाताईंनी आम्हाला गरम भाकरी, वांग्याचं भरीत आणि माझ्यासाठी वेगळं, बिनतेलाचं मुगाचं वरण जेवायला घातलं. पथ्याचं कसं करायचं हे त्यांच्या हाताला अजून पाठ होतं.

जुन्नर

घोडेगाव सोडल्यावर मी निकाल जाहीर केला. "नंदे, माझं ठरलं. मला नको. जेवढे दिवस आहेत तेवढे आहेत."

तिनं गाडी रस्त्याच्या कडेला, थेट एका हरभऱ्याच्या बांधावर चढवून थांबवली. "का?"

"तुला काही झालं तर? आणि तुला काही न होता मलाच झालं तर? त्या बाईंचं बघितलंस ना?"

"बघितलं. तू काय बघितलंस?"

"फोटो."

"मी लेझीम बघितलं," ती म्हणाली आणि गाडी मागे घ्यायला गेली. चाक बांधालगतच्या पाण्याच्या चारीत घसरलं. पुढचा अर्धा तास आम्ही भांडण तहकूब ठेवून दगड शोधले. मला वजन उचलायची बंदी, म्हणून मी सूचना देत होतो. त्या सूचनांनी तिचं पित्त किती खवळलं ते काय सांगू. शेवटी एका बैलगाडीवाल्यानं दोर लावून ओढलं. जाताना म्हणाला, "भाऊ, बाईंनी एकटीनं काढली असती. तुमी मधी बोलत व्हता."

जुन्नरात पोचेपर्यंत ती माझ्याशी अक्षर बोलली नाही. संध्याकाळच्या उन्हात शिवनेरी तांबूस दिसत होता. मी तिला म्हटलं, "बघ, किती सुंदर." तिनं त्याच्याकडेही बघितलं नाही, जणू शिवनेरीही माझ्याच बाजूचा होता. खानावळीत तिनं मासवडी मागवली. नावात मासा असला तरी त्यात मासा नसतो. बेसनाच्या वड्या, आत तीळ-खोबऱ्याचं झणझणीत सारण, बरोबर नाकातून पाणी काढणारा पातळ रस्सा. ही जुन्नरची खासियत. पुण्यात मासवडी मिळते, पण ती पुणेकरांना घाबरून केलेली असते. माझ्या पुढ्यात मऊ भात आणि वरण होतं. मी दीनवाण्या तोंडानं बघत राहिलो, तेव्हा तिनं एक वडी रश्श्यातून न काढता, कोरडीच, माझ्या ताटात टाकली. आमच्या घरात तह असाच होतो.

मग हात धुताना म्हणाली, "डिंगोऱ्याला जायचं कबूल केलंयस. तिथे जाऊन 'नाही' म्हण. तिथून आल्यावर मी परत विचारणार नाही."

डिंगोरे

सकाळी गणेशखिंडीतून पलीकडे उतरलो. धुकं डोंगराच्या कमरेला, खाली कांद्याची हिरवीगार वावरं. डिंगोऱ्यात शिरल्यावर सुमनताईंच्या घराचा पत्ता विचारायचा होता; नुसत्या सुमन तर गावात चार असणार. "यकृताचं ऑपरेशन म्हण," मी बजावलं. "दादा, यकृत इथे कोणाला कळणार?" म्हणत नंदानं काच खाली केली आणि पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं, "काळजाचं ऑपरेशन झालंय, त्यांचं घर कुठे?"

सगळ्यांनी एकदम एकाच दिशेला हात केला. आम्ही त्या घरी गेलो. एक सत्तरीचे आजोबा ओट्यावर ऊन खात बसले होते. नंदानं नमस्कार केला, "ऑपरेशन झालंय त्यांना भेटायला आलोय," म्हणाली. आजोबांनी आनंदानं सदरा वर केला. छातीच्या मधोमध उभा व्रण.

"चार नळ्या बदलल्या," ते अभिमानानं म्हणाले. "बायपास."

मी नंदाकडे बघितलं. ही चूक आमच्या भाषेतच शक्य आहे. काळीज म्हणजे हृदयही, आणि खाटकाकडे गेलात तर यकृतही. शब्द एक, पत्ते दोन. आजोबांनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. सगळं कळल्यावर म्हणाले, "आसं व्हय! तुमाला भावाचं काळीज बसवलेली सुमन पायजे. आधी सांगायचं राव. ती पल्याडच्या आळीला."

सुमनताई दारातच उभ्या होत्या. पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, तोंडाला मास्क. "हात धुवा आधी," हे त्यांचं स्वागत. मग मास्क काढून मोठ्यानं हसल्या. यजमान बबनराव मागून पाण्याचा तांब्या घेऊन आले. "उकळल्यालं हाय," ते म्हणाले. "ह्या घरात देवाला बी उकळल्यालं पानी."

सुमनताईंचं माहेर आंबेगावच्या डोंगरात, भीमाशंकराच्या अंगाला. भाऊ तिथे भातशेती करतो. सुमनताईंना माझाच आजार झाला, तेव्हा त्यानंच यकृताचा तुकडा दिला, त्याला आता बरीच वर्षं झाली. तोही ठणठणीत, भाताचे भारे डोक्यावर वाहतो. मला वाटलं, आता व्यथा-कथा ऐकायची. पण बबनरावांनी ताबा घेतला.

"तुमाला काय सांगू पावणं. आदुगर ही लई गरीब व्हती. मी म्हनंन ती पूर्व. आता तोंड उघडाया गेलो का म्हन्ते, मी न्हाई बोलत, माझा भाऊ बोलतोय. त्यो भाऊ लई भांडकुदळ, गावाला म्हाईत हाय. जगात समद्यांचा मेव्हना दिवाळीला येतो अन् जातो. आमचा कायम मुक्कामाला!"

"अन् मला माहेरी जायाला गाडी लागत न्हाई," सुमनताई पोटावर हात ठेवून म्हणाल्या. "माहेर हितंच हाय."

हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. तेवढ्यात फोनमधून कोंबडा आरवला. त्यांचा गोळ्यांचा गजर. त्या लगेच उठल्या, कारण ही गोळी चुकवायची नसते. अंगाला हे काळीज परकं वाटू नये म्हणून ती जन्मभर घ्यायची. अंगणात पपनसाचं झाड फळांनी वाकलेलं होतं, पण त्या गोळीशी पपनस चालत नाही, म्हणून फळं सगळी आळी खाते. पहिल्या वर्षी दोनदा परत इस्पितळात राहावं लागलं, एकदा अंगानं काळीज नाकारायला घेतलं होतं, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

"आजार परत येईल, असं वाटतं?" मी विचारलं.

"येईल बी. स्कॅनला जाताना दर खेपंला पाय कापत्यात. तवा पोटावर हात ठिवून म्हन्ते, भाऊ, घट्ट धर रं बाबा. आन् स्कॅन चांगला आला का मिसळ खाऊन घरी. त्याच्या म्होरचं मी इचारच करत न्हाई."

मग मी माझी अडचण सांगितली. भावाचं बहिणीनं घेणं ठीक. माहेरचं ते हक्काचं. माझं उलटं आहे. बहिणीचं भावानं घ्यायचं नसतं.

सुमनताईंनी नंदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला घेताना काय सोपं वाटलं व्हय? वहिनी म्हनली व्हती, घ्या, पर ह्यांना कमीजास्त झालं तर मी तुमच्या दारात येऊन बसंन. तरी घेतलं. द्यायला काळीज लागतं ते समद्यांना कळतं. घ्यायला बी लागतं, भाऊ. आन् तुमचं तर नेमकं त्येच नासलंय."

बबनराव फिसकन हसले आणि बायकोनं डोळे वटारल्यावर गप्प झाले. मला काळीज या शब्दात दुरुस्ती करायची सवयही त्या वेळी आठवली नाही.

जेवणं झाली. सुमनताईंच्या भावाकडून आलेला नवा तांदूळ, त्याचा वासच असा की मी वरणाशिवाय दोन घास खाल्ले. निघायच्या वेळी त्यांनी नंदाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओटी भरायला घेतली. नंदानं ओढणीचा पदर पसरला. नारळ, सुपारी, आणि त्याच तांदळाच्या भरघोस ओंजळी. ओटी भरून झाल्यावर नंदानं त्यातले चिमूटभर तांदूळ उचलून परत ताटात टाकले. आमची आईही असंच करायची. मी हजारदा बघितलं असेल, पण ते बायकांचं म्हणून कधी विचारलं नव्हतं.

"हे परत का टाकतात?" मी विचारलं.

"द्येनाऱ्याचं घर रितं ऱ्हाऊ नये म्हनून," सुमनताई म्हणाल्या. "घेनाऱ्यानं टाकायचं. चिमूट मागं ऱ्हायली का धान्याची कनगी परत भरती."

नंदा पाटावरच बसलेली होती. कालपासून भांडून, गाडी हाकून, माझं पथ्य सांभाळून दमलेली. मला जगायचं होतं. ते मी दोन महिन्यांत एकदाही मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

मी खिशातला रुमाल काढला. आवळ्याची पुडी खाली पडली. रुमाल झटकून मी दोन्ही हातांत पसरला आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो.

"हे काय?" नंदानं विचारलं.

"भर."

बबनराव काहीतरी गमतीचं बोलायला गेले, सुमनताईंनी त्यांच्या दंडाला धरलं. नंदानं ओढणीतले निम्मे तांदूळ माझ्या रुमालात ओतले. थोडे जमिनीवर सांडले. मी चिमूटभर तांदूळ उचलले आणि तिच्या ओढणीत परत टाकले.

तिनं ओढणीत बघितलं, नाक ओढलं आणि म्हणाली, "एवढेच? मोठी चिमूट टाक दादा, कंजूष कुठला."